जुन्या एससीओ युनिक्सवर डॅट टेप ड्राइव्ह कसा चालू करावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पतसंस्थेच्या जुन्या सर्व्हरवर एससीओ ओपनसर्व्हर ५.०.५ ही युनिक्स प्रणाली आहे, आत डिस्क आणि टेप जोडण्यासाठी ॲडॅप्टेकचं २९४० हे स्कझी कार्ड आहे. मूळ डॅट ड्राइव्ह बंद पडला म्हणून एचपीचा वापरलेला डीडीएस-३ (म्हणजे डॅटच्या तिसऱ्या पिढीचा) ड्राइव्ह आणून बसवला. त्याचा दिवा लागतो, कॅसेट आत ओढली जाते, पण टार (टेपवर फाइली लिहिण्या-वाचण्याची आज्ञा) चालवलं की ‘नो सच डिव्हाइस ऑर ॲड्रेस’ असा संदेश येतो. कपाटात १९९६ ते २००३ या काळातल्या टेप आहेत, सभासदांच्या जुन्या खात्यांची एकमेव प्रत त्यांवरच आहे आणि ती आता बाहेर काढायची आहे.

माझा अंदाज आधी सांगतो. तुमचा ड्राइव्ह बहुधा ठीक आहे. जुना ड्राइव्ह ज्या स्कझी आयडीवर, म्हणजे केबलवरच्या ज्या पत्त्यावर होता, तो आयडी कर्नलमध्ये (प्रणालीच्या गाभ्यात) नोंदलेला आहे आणि नवा ड्राइव्ह दुसऱ्याच आयडीवर बसला आहे. तसं असेल तर एक जंपर (ड्राइव्हच्या पिनांवर बसणारी छोटी टोपी) हलवून काम होईल, कर्नलला हातही लावावा लागणार नाही. पण तो जंपर हलवण्याआधी दोन गोष्टी करा.

पहिली गोष्ट, मूळ टेपांपैकी एकही या ड्राइव्हमध्ये घालू नका. एखादी आत असेल तर ती बाहेर काढा. ओळखपाळख नसलेला, कुठून आला ते ठाऊक नसलेला ड्राइव्ह टेप गुंडाळून टाकू शकतो, चुरगाळू शकतो, आणि वाचणाऱ्या डोक्यावर साचलेली घाण टेपवर ओढून ती कायमची खरवडू शकतो. डॅटची टेप ४ मिलिमीटरपेक्षाही अरुंद आणि अत्यंत पातळ असते. एकदा चुरगळली की त्या भागावरचा मजकूर परत मिळत नाही. आधी दोन-चार कामाच्या नसलेल्या कॅसेट मिळवा. ड्राइव्हची सगळी परीक्षा त्यांच्यावर घ्यायची. मूळ टेपांच्या मागच्या कडेला सरकती छोटी खिडकी असते, ती सगळ्यांची उघडी करून ठेवा. डॅटमध्ये खिडकी उघडी म्हणजे लिहिण्यास बंदी.

दुसरी गोष्ट, सर्व्हर बंद करण्याआधी त्याच्या डिस्कवर आज जे आहे ते नेटवर्कवरून दुसऱ्या संगणकावर उतरवून घ्या. इतक्या जुन्या स्कझी डिस्क वर्षानुवर्षं फिरत राहतात आणि बंद करून थंड झाल्यावर पुन्हा फिरायचं नाकारतात, हे मी अनेक ठिकाणी पाहिलं आहे. टेप ड्राइव्ह बसवताना मशीन तुम्हाला पुन्हा पुन्हा बंद-चालू करावं लागेल. एफटीपीनं फाइली नेताना बायनरी मोड लावायला विसरू नका. त्याचं एक खास मराठी कारण आहे, ते शेवटी येईल.

आज्ञांबद्दल एक खुलासा. इथे त्या उच्चाराप्रमाणे लिहितो. कीबोर्डवर त्या इंग्रजी लहान अक्षरांत द्यायच्या. फक्त एसटीपी या नावातला एस मोठा असतो, उरलेली दोन अक्षरं लहान. एससीओ या बाबतीत काटेकोर आहे.

संदेश नीट वाचा

टेपच्या बाबतीत युनिक्सचे संदेश त्रोटक असतात, पण खोटं बोलत नाहीत. ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ आलं तर उपकरणांची नावं असणाऱ्या डेव्ह डिरेक्टरीत त्या नावाची नोंदच नाही. म्हणजे ड्रायव्हर कर्नलमध्ये घातलेला नाही किंवा नाव चुकलं आहे. ‘नो सच डिव्हाइस ऑर ॲड्रेस’ याचा अर्थ वेगळा: नाव आहे, नावामागे ड्रायव्हरही आहे, पण ड्रायव्हरनं त्या पत्त्यावर हाक मारली तेव्हा कुणी ओ दिली नाही. तुमचा संदेश हा आहे, म्हणूनच आयडीवर माझा संशय आहे. ‘आय-ओ एरर’ आला तर ड्राइव्ह बोलतो आहे पण वाचता येत नाही. तिथे टेप, डोकं किंवा ब्लॉकचा आकार यांपैकी काहीतरी अडतं. ‘डिव्हाइस बिझी’ म्हणजे बहुतेक वेळा आधीची टार किंवा सीपीआयओ (टारसारखीच बॅकअपची आज्ञा) मागे कुठेतरी अजून अडकून पडलेली असते.

या चार संदेशांनी कुठल्या थरावर काम करायचं ते ठरतं. अनेक जण पहिल्या अपयशानंतर थेट कर्नल पुन्हा बांधायला घेतात. तसं करू नका. केबल चुकलेली असेल तर कितीही वेळा कर्नल बांधला तरी फरक पडत नाही. उलट आधी नीट असलेली गोष्ट बिघडते आणि मग दोष दोन होतात.

केबल, टर्मिनेटर आणि आयडी

एससीओ सुरू होण्याच्या आधीच ड्राइव्ह दिसतो का ते तपासण्याची सोय तुमच्या कार्डातच आहे. मशीन चालू करताना ॲडॅप्टेकचा संदेश पडद्यावर आला की कंट्रोल आणि ए दाबा. स्कझी-सिलेक्ट नावाचा मेनू उघडेल. त्यात डिस्क युटिलिटीजमध्ये गेलात की कार्ड प्रत्येक आयडीला हाक मारून कोण कुठे आहे त्याची यादी दाखवतं. त्या यादीत एचपी आणि मॉडेल क्रमांक दिसला तर तारा ठीक आहेत. डीडीएस-३ च्या आतल्या ड्राइव्हला बऱ्याचदा सी१५३७ए असं नाव दिसतं. यादीत ड्राइव्ह नसेल तर एससीओमध्ये काहीही करून उपयोग नाही, आधी पेटी उघडा. यादीत नाव दिसतं पण अक्षरं विचित्र, मध्येच चुकीची असतील, तर ते खराब केबलचं किंवा चुकलेल्या टर्मिनेशनचं लक्षण आहे.

स्कझी बसला, म्हणजे सगळी उपकरणं जोडणाऱ्या सामाईक तारांना, दोनच टोकं असतात आणि दोन्ही टोकांना टर्मिनेटर (संकेत टोकावरून परत उलटू न देणारा तुकडा) हवा. मध्ये कुठेही नको. कार्ड स्वतः एका टोकाला असेल तर त्याचं टर्मिनेशन चालू राहतं. दुसऱ्या टोकाला जे उपकरण असेल त्याच्यावर टर्मिनेटर हवा, किंवा त्याच्या पलीकडे केबलच्या टोकावर वेगळा टर्मिनेटर लावायचा. जुन्या मेलेल्या ड्राइव्हवरच टर्मिनेटर होता आणि तो ड्राइव्ह काढल्याबरोबर बस उघडी पडली, असं फार वेळा होतं. गंमत अशी की उघड्या बसवर डिस्क अनेकदा चालत राहते, त्यामुळे कुणाला शंका येत नाही. टेप मात्र अडखळते. वापरलेल्या ड्राइव्हवर टर्मिनेशनचा जंपर आहे की नाही ते त्याच्या मागच्या बाजूला पाहा. नसेल तर केबलच्या टोकाला लावायचा ॲक्टिव्ह टर्मिनेटर घ्या. पॅसिव्ह टर्मिनेटर आखूड केबल आणि मंद गतीत चालून जातो, पण मी तो वापरत नाही.

कार्ड २९४० यूडब्ल्यू जातीचं असेल तर आणखी एक अट लक्षात ठेवा. त्यावर तीन जोडण्या असतात: आतली ५० पिनांची, आतली ६८ पिनांची आणि बाहेरची ६८ पिनांची. एका वेळी त्यांपैकी दोनच वापरायच्या. तिन्ही वापरल्या की बसला तिसरी फांदी फुटते आणि अधूनमधून येणाऱ्या, पकडता न येणाऱ्या चुका सुरू होतात. ६८ पिनांच्या केबलवर ५० पिनांचा ड्राइव्ह अडॅप्टर लावून टोकाला बसवलात, तर उरलेल्या तारा त्या अडॅप्टरनं टर्मिनेट केलेल्या असायला हव्यात. बाजारातले स्वस्त अडॅप्टर ते करत नाहीत. त्यामुळे टेप मधल्या जोडणीवर घ्या आणि टोकाला खरा टर्मिनेटर ठेवा.

केबलची लांबी मोजा. १० मेगाहर्ट्झच्या फास्ट स्कझीला आतली-बाहेरची मिळून ३ मीटर ही मर्यादा आहे. ड्राइव्ह बाहेरच्या पेटीत असेल तर ३ मीटर पाहता पाहता संपतात. त्या पेटीवर ‘डिफ’ असं लिहिलेलं असेल तर ती जोडूच नका. ती हाय-व्होल्टेज डिफरन्शियल जात असते, साध्या बसवर ती जोडली तर कार्ड किंवा ड्राइव्ह जळू शकतो.

आता आयडी. अरुंद (५० पिनांच्या) बसवर ० ते ७ असे आठ पत्ते असतात. ७ कार्डाचा. एससीओची रूढ मांडणी अशी: सुरू होणारी डिस्क ०, टेप २, सीडी ५. जुना ड्राइव्ह कुठे होता ते शोधायला अंदाजाची गरज नाही. एससीओमध्ये रूट म्हणून शिरा आणि एटीसी, कॉन्फ, सीएफ.डी या वाटेनं जाऊन एमस्कझी नावाची फाइल कॅटनं वाचा. एकेका ओळीत कार्डाच्या ड्रायव्हरचं नाव, मग उपकरणाच्या ड्रायव्हरचं नाव, मग कितवं कार्ड, आयडी, लून (एका आयडीतला उपक्रमांक) आणि बस. २९४० ला ओपनसर्व्हर ५ मध्ये एलॅड हा ड्रायव्हर लागतो, म्हणून तुमची ओळ बहुधा ‘एलॅड एसटीपी ० २ ० ०’ अशा धाटणीची असेल. एसटीपीच्या ओळीतला दुसरा आकडा हाच जुन्या ड्राइव्हचा आयडी. नव्या ड्राइव्हचे जंपर त्याच आकड्यावर आणा. आयडीचे तीन जंपर १, २ आणि ४ अशा किमतीचे असतात. २ हवा असेल तर फक्त मधला लावायचा.

ड्राइव्ह बाहेरच्या पेटीत असेल तर सर्व्हरच्या आधी त्याची वीज चालू करा. कर्नल सुरू होताना उपकरणांना हाक मारतो. त्या वेळी झोपलेला ड्राइव्ह नंतर उठला तरी तो हिशेबात येत नाही.

एससीओ सुरू झाल्यावर एचडब्ल्यूकॉन्फिग ही आज्ञा द्या. तिच्या यादीत टेपची ओळ असावी, आणि तिच्यात कार्ड, आयडी आणि लून तुम्ही बसवल्याप्रमाणे दिसावेत. दिसले की हा थर संपला.

कर्नल, गरज पडलीच तर

एमस्कझीत एसटीपीची ओळच नसेल, किंवा जुना ड्राइव्ह स्कझी नसून क्यूआयसी-०२ (पाव इंची टेपच्या) कार्डावरचा होता असं निघालं, तर मात्र एमकेडेव्ह टेप ही आज्ञा चालवावी लागेल. त्याचा मेनू सरळ आहे. टेप ड्राइव्ह बसवा, प्रकार स्कझी, मग कार्ड कोणतं, कितवं, आयडी आणि लून. शेवटी कर्नल पुन्हा बांधायचा का, तोच यापुढे सुरू व्हावा का आणि कर्नलचं एन्व्हायर्नमेंट पुन्हा बांधायचं का, असे तीन प्रश्न येतात. तिन्हींना हो म्हणा. तिसऱ्यातूनच डेव्ह डिरेक्टरीतल्या नोंदी तयार होतात.

रूट फाइलसिस्टममध्ये जागा आहे ना ते आधी डीएफ या आज्ञेनं पाहा. जुना कर्नल युनिक्स.ओल्ड या नावानं राहतो. नवा सुरू झाला नाही तर बूट प्रॉम्प्टवर युनिक्स.ओल्ड टाइप केलं की जुनी व्यवस्था परत मिळते. मात्र लागोपाठ दोनदा कर्नल बांधलात आणि पहिल्यातच चूक होती, तर युनिक्स.ओल्डही चुकलेलाच असेल. म्हणून पहिल्यांदा बांधण्यापूर्वी चालू कर्नलची वेगळ्या नावानं एक प्रत करून ठेवा.

ड्राइव्हची तीन नावं तुम्हाला लागतील. आरएसटीपी० हे काम संपताच टेप मागे गुंडाळणारं, एनआरएसटीपी० हे जिथे थांबलं तिथेच ठेवणारं, आणि एक्सएसटीपी० हे फक्त हुकूम देण्यासाठी. मूळ टेपांवर काम करताना नेहमी दुसरं वापरा, कारण अनेक संस्थांमध्ये एकाच टेपवर एकामागून एक अनेक दिवसांचे बॅकअप लिहिलेले असतात. पहिला वाचून टेप आपोआप गुंडाळली गेली की बाकीचे आहेत हेच लक्षात येत नाही. टेप आरएफएम या आज्ञेनं दोन बॅकअपांमधल्या पुढच्या खुणेवर जाता येतं.

ब्लॉकचा आकार

ड्राइव्ह दिसू लागल्यावर लोक ज्या जागी सर्वाधिक अडकतात ती ही. नव्या ड्राइव्हवर लिहिलेलं त्याच ड्राइव्हवर छान वाचलं जातं, जुन्या टेपवर मात्र आय-ओ एरर येतो, आणि टेप मेली असा निष्कर्ष निघतो. टेप टाकून देण्याआधी हा भाग तपासाच.

डॅट ड्राइव्ह दोन पद्धतींनी लिहितो. ठरावीक पद्धतीत टेपवरचा प्रत्येक ब्लॉक एकाच मापाचा, बहुधा ५१२ बाइटचा. बदलत्या पद्धतीत प्रोग्रामनं एका वेळी जेवढं दिलं तेवढ्याचा एक ब्लॉक. टार साधारणपणे एका वेळी १०,२४० बाइट देतं. ठरावीक पद्धतीत त्याचे ५१२ चे २० तुकडे होतात. बदलत्या पद्धतीत १०,२४० चा एकच ब्लॉक पडतो. बदलत्या पद्धतीत लिहिलेली टेप ठरावीक पद्धतीच्या ड्राइव्हला दिली की तो ५१२ चा ब्लॉक शोधतो, त्याला १०,२४० चा सापडतो आणि तो चूक म्हणून थांबतो. टेपवरचा मजकूर पूर्ण शाबूत असतो.

उपाय असा. टेप या आज्ञेला उणे ए आणि ० देऊन सेटबीएलके म्हणा. शून्य म्हणजे बदलती पद्धत. मशीन पुन्हा सुरू केल्यावर ही मांडणी परत तपासा. मग डीडी या कच्ची प्रत करणाऱ्या आज्ञेनं ६४ के एवढं मोठं माप देऊन फक्त एक ब्लॉक डिस्कवर उतरवा आणि त्या फाइलचा आकार पाहा. १०,२४० निघाला तर टार. ५,१२० निघाला तर मोठ्या बी पर्यायासह लिहिलेलं सीपीआयओ. ५१२ निघाला तर टेप ठरावीक पद्धतीची आहे आणि सेटबीएलके ५१२ करून वाचणं सोपं. दुसरा काही आकडा आला तर बॅकअपचं विकत घेतलेलं सॉफ्टवेअर वापरलं होतं असं समजा आणि त्याचं माध्यम किंवा पावती फाइलींच्या ढिगात शोधा. एक ब्लॉक वाचण्याच्या या चाचणीला काही सेकंद लागतात; प्रत्येक टेपचा आकडा कागदावर लिहून ठेवा, कारण आठ वर्षांत बॅकअप घेणारी माणसं आणि त्यांच्या पद्धती बदललेल्या असणारच.

यातच कॉम्प्रेशनचा प्रश्न येतो. वाचताना ड्राइव्ह स्वतः ओळखतो, तुम्हाला काही करावं लागत नाही. फक्त अगदी पहिल्या पिढीचे काही ड्राइव्ह कॉम्प्रेशन जाणत नाहीत. तुमचा डीडीएस-३ जाणतो, आणि ६० व ९० मीटरच्या डीडीएस-१ तसंच १२० मीटरच्या डीडीएस-२ टेपही वाचतो. या कामासाठी तो योग्य निवड आहे. नंतरचा डॅट-७२ घेतला असता तर तो डीडीएस-३ पर्यंतच मागे जातो, १९९६ च्या टेप त्यात वाचल्या गेल्या नसत्या.

टेप घालण्याआधी ड्राइव्हची परीक्षा

आता कामाच्या नसलेल्या कॅसेट वापरा. आधी कोरडी क्लीनिंग कॅसेट एकदा चालवा. अल्कोहोलचा बोळा घेऊन डोकं पुसण्याच्या फंदात पडू नका. डॅटचं डोकं फिरत्या पिंपावर असतं आणि आडवा दाब पडला तर ते तुटतं. मग एखादी मोठी डिरेक्टरी, निदान काहीशे मेगाबाइट, टारनं टेपवर लिहा. परत पूर्ण वाचा, दुसऱ्या जागी उतरवा, आणि दोन्हीकडच्या फाइलींवर सम ही आज्ञा चालवून आकडे ताडा. हे वेगवेगळ्या कॅसेटवर करा. मग एक कॅसेट बाहेर काढून तिची टेप तिरप्या उजेडात पाहा. कडेला सुरकुती, लांबच लांब ओरखडा किंवा पांढुरकी रेघ दिसली तर हा ड्राइव्ह मूळ टेपांच्या जवळ आणू नका, दुसरा घ्या. ड्राइव्ह परत विकत मिळतो.

टेपांकडेही बघा. आपल्याकडे कोकणात किंवा मुंबईत वीस-पंचवीस पावसाळे कपाटात काढलेल्या टेपवर बुरशी असते, कधी टेपचा लेप चिकट झालेला असतो. बुरशीचे ठिपके दिसणारी कॅसेट ड्राइव्हमध्ये घालू नका. ती डोकं घाण करते आणि नंतरच्या प्रत्येक टेपचं नुकसान करते. अशा कॅसेट वेगळ्या काढून डेटा परत मिळवण्याचं काम करणाऱ्यांकडे द्या. बाकीच्या, ड्राइव्ह ज्या खोलीत आहे त्याच खोलीत निदान एक दिवस राहू द्या. वातानुकूलित खोलीतून दमट खोलीत किंवा उलट लगेच नेलेल्या टेपवर बाष्प धरतं आणि ती पिंपाला चिकटते. तुमच्या कपाटात पाव इंची क्यूआयसी कॅसेटही निघाल्या तर त्यांना अजिबात हात लावू नका. त्यांच्या आतला रबरी पट्टा जुना झाला की ताण सोडतो किंवा टेपला चिकटतो, आणि जुन्या ड्राइव्हमधलं रबरी चाक वितळल्यासारखं चिकट होतं. दोन्ही बदलल्याशिवाय त्या फिरवायच्या नसतात.

काम करताना यूपीएस हवाच. वाचन चालू असताना वीज गेली तर टेप पिंपाभोवती गुंडाळलेल्या अवस्थेत अडकते, आणि ती सोडवताना होणारं नुकसान सगळ्यात वाईट असतं.

मूळ टेप वाचताना

सगळ्यात कमी महत्त्वाची टेप पहिली घ्या. अशा ठिकाणी बहुधा ३१ मार्चची वर्षअखेरीची टेप सर्वांत मौल्यवान असते. ती, ड्राइव्हनं दोन-चार टेप नीट वाचल्यावर.

आणि लगेच टार एक्स देऊ नका. एससीओवरचे जुने बॅकअप अनेकदा मुळापासूनच्या पूर्ण वाटेसह लिहिलेले असतात, म्हणजे प्रत्येक नावाच्या सुरुवातीला तिरकी रेघ. असं टार तुम्ही कुठल्याही डिरेक्टरीत बसून उघडलंत तरी ते मूळ जागीच जाऊन पडतं. १९९८ ची खतावणी चालू खतावणीवर लिहिली जाईल, आणि कुठलाही प्रश्न न विचारता. आधी टी पर्यायानं फक्त यादी काढा आणि ती कागदावर किंवा फाइलीत जपा. उघडताना एससीओच्या टारला मोठा ए हा पर्याय द्या, तो सुरुवातीची रेघ काढून टाकतो.

माझा स्वतःचा कल याहून पुढचा आहे: मूळ टेप एससीओवर उघडूच नका. पीसीआय जागा असलेला एखादा जुना संगणक घ्या, त्यात तसंच २९४० कार्ड आणि हाच ड्राइव्ह लावा, आणि लिनक्स चालवा. त्यात या कार्डाचा एआयसी७एक्सएक्सएक्स हा ड्रायव्हर असतो आणि टेप एनएसटी० या नावानं दिसते. कारण साधं आहे. ओपनसर्व्हर ५ मध्ये एक फाइल २ जीबीच्या पुढे जाऊ शकत नाही, आणि डीडीएस-२ टेपवर कॉम्प्रेशन न धरताही ४ जीबी मावतात. टेपची जशीच्या तशी प्रत एससीओच्या डिस्कवर बसणारच नाही. लिनक्सवर एमटी या आज्ञेनं सेटबीएलके ० करा, मग डीडीला टेपवरच्या ब्लॉकपेक्षा मोठं माप देऊन एकेक फाइल उतरवत जा. माप लहान पडलं तर ‘कॅनॉट अलोकेट मेमरी’ असा संदेश येतो. त्याचा मशीनच्या मेमरीशी संबंध नाही, माप वाढवा. शून्य लांबीची फाइल मिळाली की टेप संपली. प्रत्येक टेप अशी एकदाच फिरवायची, आणि पुढचं सगळं काम त्या प्रतींवर करायचं. मध्येच आय-ओ एरर आला तर पुन्हा पुन्हा तीच जागा घासत बसू नका. क्लीनिंग कॅसेट चालवा, एकदा परत प्रयत्न करा, तरी नाही जमलं तर ती टेप बाजूला ठेवा.

मग एससीओचं मशीन त्याच्या जागी राहू द्या, ते लागेल. जुना हिशेबाचा प्रोग्राम त्यावर चालतो, आणि उतरवलेल्या फाइली बरोबर आहेत की नाही हे त्याच प्रोग्रामनं एखाद्या वर्षाचा ताळेबंद काढून छापील प्रतीशी ताडल्याशिवाय कळत नाही.

फाइली हाती आल्यावर त्या कशा आहेत ते पाहा. त्या काळी एससीओवर फॉक्सबेस किंवा फॉक्सप्रो वापरलेलं असेल तर डीबीएफ फाइली निघतील आणि त्या आजही लिबरऑफिसमध्ये उघडतात. कोबोल असेल तर माहितीची एक आणि सूचीची एक अशा जोड्या दिसतील. त्यांच्यासाठी रेकॉर्डची मांडणी हवी, म्हणून टेपवरचा प्रोग्रामचा स्रोतही जपा, फक्त डेटा उचलू नका.

आणि आता बायनरी मोडचं कारण. पुण्याच्या सी-डॅकच्या जिस्ट (भारतीय लिपी दाखवणाऱ्या) टर्मिनलवर मराठीत नावं भरली असतील तर ती इस्की या संकेतात असतात. १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून ठरलेल्या या संकेतात देवनागरी अक्षरं १६१ पासून पुढच्या बाइटमध्ये बसतात. वाटेत कुठेही आठवा बिट गळला तर सभासदांची नावं कायमची जातात, आकडे मात्र शाबूत दिसतात, त्यामुळे नुकसान झाल्याचं चटकन कळतही नाही. लिनक्सवर ही नावं कचऱ्यासारखी दिसतील, घाबरू नका. आयसीयू या लायब्ररीबरोबर येणारी यूकॉन्व्ह ही आज्ञा इस्कीतून युनिकोडमध्ये बदल करून देते. जिस्ट नसून नुसता मराठी फाँट वापरलेला असेल तर त्या फाँटचा स्वतंत्र तक्ता लागेल, आणि तो तक्ता एका सभासद-यादीच्या जुन्या छापील प्रतीवरून बनवता येतो. तशी एखादी यादी कार्यालयात शोधून ठेवा.

जंपर हलवूनही ड्राइव्ह दिसला नाही तर तीन गोष्टी मला जशाच्या तशा लिहून पाठवा: एमस्कझी फाइलीतल्या सगळ्या ओळी, एचडब्ल्यूकॉन्फिगमधल्या एलॅड आणि टेपच्या ओळी, आणि केबलवर कार्डापासून टोकापर्यंत काय काय कुठल्या क्रमानं लागलं आहे ते. केबलचा फोटो मिळाला तर सर्वांत बरं.